जेसीचा डावा बूट

आयलीने मिसेस गेडिसांचा डावा बूट उलटा केला आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या जिवात जीव आला. टाचेची बाहेरची कड पार झिजली होती. उजवी मात्र जवळजवळ नवी. इतका स्पष्ट बूट तिने पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता.

तिला केस हवीच होती. ग्लासगोच्या त्या विद्यापीठातल्या पायांच्या दवाखान्यात शेवटच्या वर्षी एक रुग्ण तपासणीपासून ते बुटात आधार बसवेपर्यंत एकट्याने पार पाडायचा आणि त्यावर सही घ्यायची, असा नियम होता. तिचा पहिला रुग्ण आलाच नाही, दुसऱ्याचा पाय आपोआप बरा झाला आणि तिसरी बाई आधार अर्धा झालेला असताना स्पेनला निघून गेली. आज सत्राचा शेवटचा दिवस. सही नाही तर वर्ष पुन्हा. दोन वाजून गेले होते, चारला दवाखाना बंद. टेबलाखाली आयलीचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता.

“कधीपासून दुखतंय?”

“मार्चपासून. आधी गुडघा, मग कंबर. परवा तर खाटकाने मला पाठमोरी बघून भलत्याच नावाने—”

“तुमचा डावा पाय आखूड आहे,” आयली म्हणाली.

“आखूड? अठ्ठावन्न वर्षांत कुणी बोललं नाही गं, पोरी.”

“बूट बोलतोय ना.”

ही मंक्रीफ सरांची शिकवण. पाय थापा मारतो, बूट कधी मारत नाही, असं ते पहिल्या वर्षापासून पोरांच्या डोक्यात भरत आले होते.

तपासणीच्या कागदावर पुढची ओळ होती : रुग्णास अनवाणी चालवून पाहिले. मिसेस गेडिसांनी कमरेपर्यंतचे जाड मोजे घातले होते. ते उतरवा, पडदा ओढा, पुन्हा चढवा. पंधरा मिनिटं गेलीच. आयलीने नुसतीच बरोबरची खूण केली आणि टेप काढली. पहिल्या मापात फरक शून्य आला. दुसऱ्यांदा उजवा पायच दोन मिलिमीटर आखूड निघाला. टेप नीट धरली नसणार. तिसऱ्यांदा डावा सहा मिलिमीटर आखूड आला, तेव्हा तिने मोजणं थांबवलं.

तिने सहा मिलिमीटरची सपाट टाच कापून बुटात घातली. मिसेस गेडिस चार पावलं चालल्या आणि भिंत धरली. “आता दुसरीकडेही दुखतंय.”

“कमी पडतेय टाच,” शेजारच्या टेबलावरून तिच्याच वर्गातला रोरी म्हणाला. “चढव अजून.”

तिने चढवली. बारा मिलिमीटरवर मिसेस गेडिस भिंतीला टेकवलेल्या शिडीसारख्या उभ्या राहिल्या, आणि नेमके त्याच वेळी मंक्रीफ सर आले.

त्यांनी बूट उलटा केला. चेहरा उजळला. “वा. अनवाणी चालताना काय दिसलं?”

“डावीकडे कलतात, सर.”

“कलणारच.” सरांनी स्वतः टेप लावली. “आठ मिलिमीटर. रोरी, पहिल्या वर्षाच्या मुलांना बोलव. असा बूट रोज मिळत नाही.”

सहा मुलं वह्या घेऊन भिंतीला लागून उभी राहिली आणि सरांनी त्यांना आठचा आकडा सांगितला. “मिसेस गेडिस, एवढं चालून दाखवाल का? अनवाणी?” सर म्हणाले.

पडदा ओढला गेला. मोजे उतरेपर्यंत आयलीने नखं कुरतडून संपवली.

मिसेस गेडिस पडद्यामागून निघाल्या आणि दारापर्यंत पट्टीने रेघ मारावी तशा सरळ चालत गेल्या. वळल्या, तशाच परत आल्या. मुलांची पेनं अजून वह्यांवर टेकलेलीच होती, म्हणून त्यांनी आणखी एक फेरी मारली.

“सर,” एका मुलीने विचारलं, “तुमचे आठ मी लिहून घेतलेत. काय करू?”

“खोडून टाक,” सर म्हणाले. मग मिसेस गेडिसांकडे वळले. “हे बूट कधी घेतलेत?”

“घेतले कुठे? आईचे आहेत. जेसी नाव तिचं. मार्चमध्ये गेली ती. दहा वर्षं डाव्या खुब्याने लंगडायची. आमचं मापही एकच.”

“पण मग तुम्ही सांगायचं नाही का?” आयली म्हणाली.

“तू कधीपासून ते विचारलंस. मी मार्च म्हणाले.”

सरांनी घसा साफ केला. “नवे बूट घ्या. आठवड्यात बरं वाटेल.”

“ते मला कळतं हो, साहेब. बुटाचं दुकान आमच्या घराखालीच आहे. हेच घालून दुखू नये, म्हणून तर इथे आले.”

आयलीने कागद सरांपुढे केला. “अनवाणी चालवलं नव्हतं मी. खूण खोटी आहे.”

“दिसलं ते,” सर म्हणाले. कागद त्यांनी घेतला नाही. “चारला अजून पंचवीस मिनिटं आहेत.”

तिने बुटात हात घातला. आतल्या अस्तरावर पाच बोटांचे खळगे उमटलेले होते. ती अस्तर उचलू लागली, तशा मिसेस गेडिस चटकन म्हणाल्या, “ते टाकू नकोस हं.”

“टाकत नाही. याच्या खाली घालते.”

यंत्रावर तिने पाचर घासली. बाहेरच्या बाजूला जाड, आत येईतो कागदाएवढी. जेवढी टाच जेसीबाईंनी दहा वर्षांत झिजवली होती, तेवढीच. वर अस्तर जागच्या जागी बसवलं. निदानाच्या ओळीत लिहिलं : दोन्ही पाय ठणठणीत. डावा बूट लंगडा.

मिसेस गेडिस बूट घालून चालल्या. सरळ. दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

“दुखतंय?”

“नाही गं. काहीच नाही.” त्या बुटाच्या टोकाकडे बघत राहिल्या. “त्या खाटकाचं सांगत होते मी. पाठमोरी बघून त्याने हाक मारली, ‘काय जेसी, आज कलेजी नको का?’ मी वळले, तर बिचारा पांढराफटक.” त्यांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. “आता मी सरळ चालले, तर नाही मारणार तो हाक.”

आयलीचा गुडघा पहिल्यांदाच थांबला.

“पोरी, यातलं थोडं कमी करता येईल का? दुखणार नाही, एवढंच.”

आयलीने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. तिने पाचर काढली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

चारला पाच मिनिटं असताना सरांनी सही केली. “खोट्या खुणेबद्दल सोमवारी बोलू,” ते म्हणाले आणि सहीच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली : दोष दोन मिलिमीटर शिल्लक ठेवला आहे. रुग्णाच्या विनंतीवरून.