बर्फावर ठेवलेला नफा

पोस्टमनने टाकलेलं लांबट पाकीट मथुराकाकींनी उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि दोन्हीकडून सारखंच कळेना तेव्हा सदानंद गुरुजींना बोलावणं धाडलं. गुरुजी वाडीतल्या शाळेचे मास्तर. कोणाचंही पत्र वाचून द्यायचं आणि बदल्यात कपभर चहा प्यायचा, हा त्यांचा जोडधंदा.

"काकी, बर्फ कारखान्याचा अहवाल आलाय, रविवारी सभा आहे. कंपनीला यंदा बारा हजार नफा झाला!"

काकी अशा फुलल्या, की जणू बर्फाच्या लाद्या त्यांनीच डोक्यावरून वाहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मालवणात कारखाना निघाला तेव्हा त्यांनी तीस शेअर घेतले होते. तेवढ्यावर भागलं नाही. वाडीतल्या अकरा घरांच्या मानगुटीवर बसून त्यांनाही सत्तर घ्यायला लावले होते. काकी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मालकीण. नवरा धोंडू तांडेल दर्यावर हुकूम सोडी आणि घरी आला की हुकूम पाळी. बाईच्या शब्दाला नाही म्हणायची वाडीत छाती नव्हती.

"मगे, माझो वाटो किती?"

"शेअरमागे आठ आणे. तुमचे पंधरा रुपये."

"पंधरा? गेल्या वर्सीइतकेच? आणि बाकीचे खंय गेले?"

"सगळ्यांत मिळून तीन हजार वाटले. उरलेले नऊ हजार कंपनीने राखून ठेवलेत. राखीव नफा म्हणतात त्याला."

"राखून ठेवले? कोणाक इचारून?"

गुरुजी शाळेत नफातोटा शिकवत होते, पण त्यात आंबेवाला सगळा नफा घेऊन घरी जायचा.

काकींचा जन्म रापणीत गेलेला. जाळं वाळूवर आलं, की मासळीचे वाटे तिथल्या तिथे पडतात. कोणी म्हटलं, की चार टोपल्या तुमच्या आणि बारा मी राखून ठेवतो, तर त्याला त्याच जाळ्यात गुंडाळून परत समुद्रात सोडतील. मासळी राखली की संध्याकाळी नाकाला कळते.

"चोर मेले!" काकी ओट्यावर येऊन कडाडल्या. "आमचे नऊ हजार दाबून बसले! शिरा पडो त्येंच्या तोंडार!"

वाडीला एवढं पुरे होतं. तोंडातलं पान संपायच्या आत अकराही घरं ओट्यासमोर जमली. सर्वांत पुढे सुभद्रा, काकींची चुलतजाऊ. काकींचं काही चुकलं, की हिचा ताप उतरायचा.

"आमी काय शेअर वळखी होतो?" सुभद्रा म्हणाली. "मथुराक्का बोलली म्हणान घोवाच्या पेटयेतले साठ रुपये काढून दिलंय. आता बुडले, तर इचारूचा कोणाक?"

"बुडूक काय ती होडी आसा?"

"होडी असती, तर निदान फळयो तरी तरंगल्यो असत्यो."

लोक हसले. काकींच्या मागे आजवर कोणी हसलं असेल, समोर हसायची ही पहिली वेळ. आणि मग बाईच्या जिभेने ते केलं, जे तिच्या शत्रूलाही जमलं नसतं.

"आयतवारी कंपनीची सभा आसा. तुमचो एकूण एक वाटो घेऊन येतंय. नाय इलो, तर तुमचे सगळे शेअर मी दहा रुपयांक परत घेतलंय म्हणान समजा. रोख! मथुरेचो शबूद!"

आत चुलीजवळ बसलेल्या धोंडूंनी हळूच बोटांवर हिशेब केला. सत्तर दाहे सातशे. त्यांचा घास तिथेच थांबला.

रविवार उजाडेपर्यंत काकींना अन्न गोड लागेना. पाण्याला जावं, तर कोणी तरी विचारी, "काकी, पैशे सुटे हाडशात ना?" सुभद्रेने तर आपले सहा कागद हळदीकुंकू लावून घडी करून ठेवले होते, परत द्यायला सोपे.

सभा कारखान्याच्या आवारात होती. काकी नऊवारी कासोटा आवळून पहिल्या बाकावर बसल्या. मॅनेजर काशिनाथराव उठून "सन्माननीय भागधारकहो" म्हणताच त्या उभ्या राहिल्या.

"माझे नऊ हजार दाखव."

"काकी, ते नुसते तुमचे नाहीत..."

"सगळ्यांचे दाखव. पेटयेत आसत, तर पेटी उघड."

काशिनाथराव भला माणूस. त्याने पेटी उघडली. आत एकशे चाळीस रुपये, एक शिक्का आणि सुपाऱ्या निघाल्या. सभेत हलकल्लोळ झाला. काकींच्या पायाखालची जमीन मात्र तिथेच सरकली. म्हणजे खरंच खाल्ले! सातशे रुपये आता देवही वाचवत नाही.

"या माझ्याबरोबर," म्हणून काशिनाथरावाने त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. ताडपत्री ओढली. खाली हिरव्या रंगाचं, माणसापेक्षा उंच यंत्र उभं होतं, मुंबईहून बोटीने आलेलं.

"हे बघा तुमचे नऊ हजार."

"ह्यां? ह्यां तर लोखंड!"

"नफा झाला म्हणजे तो नोटांच्या रूपात पडून असतोच असं नाही, काकी. एक सांगा. रापणीत जाळ्याचा वाटा कोण घेतं?"

"आमी. जाळां आमचां ना!"

"तो वाटा खाऊन टाकता?"

"खावन कसा चलात? जाळां फाटता, सूत हाडूचा लागता, दोरी कुजतत, दर दोन वर्सांनी नवीन..." काकी बोलता बोलता थांबल्या. यंत्राकडे बघितलं. हात लावून बघितला. "म्हणजे तुमी जाळ्याचो वाटो काढून ठेवलात."

"नेमकं!"

दुसरी कोणी असती, तर एवढ्यावर मान डोलवून घरी गेली असती. पण काकी बाजारात पापलेटाचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय पैसे काढत नसत.

"थांब रे. जाळां घेतलंस, बरां केलंस. पण मासळी वाढली काय? पयल्या वर्सी काय राखलंस, आणि त्येचां काय झाला, तां सांग."

काशिनाथराव जरा सरसावून उभा राहिला. असा प्रश्न अख्ख्या सभेत कोणी विचारला नव्हता. "पहिल्या वर्षी नफा सात हजार. त्यातले चार राखून विहीर खोल केली, टाकी बांधली. उन्हाळ्यातही बर्फ निघायला लागला, म्हणून यंदा बारा झाले."

काकींनी बोटं मोजली. चार घातले, वर्षाला पाच वाढले. मग यंत्राकडे नव्याने बघितलं, जसं गाभण म्हशीकडे बघतात.

परत येताना त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. शेअर आता दहाला घ्यायलाही स्वस्त होते, आणि घ्यायला सातशे रुपये नव्हते. वाडीला सगळं नीट समजावलं, की कोणी विकणार नाही. शब्दही राहील, पैसेही वाचतील. ओट्यावर चढून त्यांनी विहीर सांगितली, टाकी सांगितली, जाळ्याचा वाटा सांगितला, यंत्राचा हिरवा रंगसुद्धा सांगितला.

"म्हणजे पैशे हाडूक नाय," सुभद्रा म्हणाली.

"अगो, तेच पैशे थंय कामाक लागले हत!"

"परवा चोर होते, आज कामाक लागले. मथुराक्का, शबूद फिरवचो असात, तर तसा सांग. आमी काय तुझी अडचण वळखणव नाय?"

शेवटचं वाक्य मायेने म्हटलेलं होतं, म्हणून जास्त झोंबलं. काकी आत गेल्या. धोंडू म्हणाले, "गो, त्येंका आणखी एकदा सांगून बघ."

"एकदा सांगलंय. मथुरा दोनदा सांगणा नाय."

त्या मालवणच्या सोनाराकडे जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कागद लिहिले, अकरा घरांनी सह्या-अंगठे केले आणि काकींनी एकेकाच्या हातावर दहा रुपये शेअरप्रमाणे नोटा ठेवल्या. नोटा ठेवताना हातात फक्त हिरवा चुडा वाजत होता. पाच पाच तोळ्यांच्या पाटल्या, ज्यांच्यामुळे वाडीला काकी येताहेत हे लांबूनच कळे, जागेवर नव्हत्या. पैसे मोजून सगळे गेले.

त्याच दिवशी दुपारी काकी पंखा घेऊन पडल्या होत्या. बाहेर चपला सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं, तर ओट्यावर सुभद्रा, तिच्या मागे बाकीची दहा घरं, आणि प्रत्येकाच्या मुठीत सकाळच्याच नोटा.

"मथुराक्का, आमचे शेअर परत दी."

"कित्याक गो? सकाळी तर यंत्र म्हणजे लोखंड होतां."

"यंत्राचां माका अजूनपण काय कळूक नाय," सुभद्रा म्हणाली. "पण पोरीच्या लग्नाक काढूक नाय त्यो पाटल्यो तू हातातून काढलंस. आता तुका खुळी म्हणूची, की आमका, हो इचार घराकडे सगळ्यांनी केलो."

काकींनी मोकळी मनगटं पदराखाली घेतली. मग दार अर्धं लोटून आतून सांगितलं, "बसा. आजचो भाव काय, तो अजून माझो ठरूक नाय."