हवालदारानं वाटलेलं भविष्य

नलूचं लग्न सगळ्या बाजूंनी जमलं होतं आणि एका कागदापायी अडलं होतं. हिरालाल मुलगा चांगला होता, शिवनाथ कास्टिंग्जमध्ये सुपरवायझर होता, आणि नलूला तो इतका आवडला होता की त्याच्या जाड चष्म्याबद्दल वहिनीनं काही म्हटलं तर ती जेवताना बोलायची नाही. पण हिरालालच्या आईला, वसुंधराबाईंना, मुलीची पत्रिका कंप्युटरवर काढलेली पाहिजे होती. सेक्टर दहामधल्या त्यांच्या मैत्रिणीनं सुनेची तशी पत्रिका नागपूरहून आणली होती आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायांमध्ये फिरवली होती. तेव्हापासून वसुंधराबाईंना हातानं लिहिलेली पत्रिका शिळ्या भाजीसारखी वाटू लागली.

"भटजीले डुलकी लागू शकते. कंप्युटरले कधी डुलकी लागते का?" त्यांनी नलूच्या घरी, नेहरू नगरला येऊन विचारलं. "अन् तुमच्या घरी त कंप्युटरचाच सायेब हाय. रविवारी कागद घेऊन या, सुपारी फोडून टाकू."

कंप्युटरचा साहेब म्हणजे नलूचा दादा, शामसुंदर डहाके; तोही शिवनाथमध्येच होता. त्याचं ज्योतिषाशी नातं वर्तमानपत्राच्या आतल्या पानापुरतं होतं. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण तोवर त्याच्या बायकोनं, कमलिनीनं, "हाव" म्हणून टाकलं होतं. शामसुंदरच्या संसारातले बहुतेक मोठे निर्णय असेच झाले होते.

ही गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णवची. सुपेला वस्तीच्या पुढे असलेल्या शिवनाथ कास्टिंग्ज या ओतकामाच्या कारखान्यात तेव्हा कंप्युटर नवाच आला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. मालक ओमप्रकाशजींनी त्याला हार घालून, नारळ फोडून, सगळ्या कामगारांसमोर जाहीर केलं होतं, "आदमी झूठ बोल सकता है, ये मशीन नहीं." हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

खोलीत शामसुंदरच्या हाताखाली देवराव नावाचा ऑपरेटर होता. शामसुंदरनं प्रोग्राम लिहून पक्का केला की तो मशीनच्या आत एका ठरावीक जागी जाऊन पडे. त्या जागेला सगळे 'तयार माल' म्हणत. तिथं नवं काही पडलं की देवरावनं ते चालवायचं, छापून आलेले कागद शिपायाजवळ द्यायचे आणि शिपायानं ते खात्याखात्यांत वाटायचे. यात अडचण एकच होती. तयार माल येई तेव्हा देवराव टपरीवर असे, आणि देवराव जागेवर असे तेव्हा माल आलेला नसे.

म्हणून शामसुंदरनं हवालदार बनवला. हवालदार हाही प्रोग्रामच. तो थोड्या थोड्या वेळानं तयार मालात डोकावून बघे, नवं काही दिसलं की कोणाला न विचारता चालवे आणि थेट प्रिंटरवर सोडे. 'नवं आहे का?' एवढंच तो बघायचा. कोणाचं आहे, कशासाठी आहे, हे विचारण्याची अक्कल शामसुंदरनं त्याला दिली नव्हती. स्वतः शामसुंदर मात्र आपला हवालदार फार समजूतदार आहे असं धरून चालला होता. आईबापांचं असंच होतं.

देवरावला हे लागलं. "मले त आता खुर्चीसारखं ठेवलं जी," तो टपरीवर सांगे. "कोणी बसलं त बसलं, नाही त रिकामी." हवालदार जे छापेल त्यात आपण चुकूनही लक्ष घालायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. अपमानाचा हिशेब तो असा चुकता करत होता.

शामसुंदरनं पत्रिकेचा प्रोग्राम हातात घेतला. एका ओळखीच्या गुरुजींकडून भविष्याची वाक्यं लिहून घेतली आणि एकाखाली एक मांडली. 'उत्तम विवाहयोग', 'पदोन्नतीचा योग', 'यंदा विवाहयोग नाही', 'पोटाचे विकार' अशी ती रांग होती. जन्मतारखेवरून गणित करून रांगेतलं कितवं वाक्य छापायचं ते मशीननं ठरवायचं. नलूच्या तारखेला 'उत्तम विवाहयोग' येईल अशी गणितात त्यानं सोय करून घेतली होती, तेवढा दादा तो होता. बाकीचं बरोबर चालतं का ते बघायला खूप जन्मतारखा हव्या होत्या. त्या मशीनमध्ये आयत्याच होत्या, सगळ्या कामगारांच्या. त्यानं प्रोग्राम त्यांना जोडला, पक्का केला आणि जेवायला गेला.

प्रोग्राम पक्का झाला तसा सवयीनं तयार मालात जाऊन पडला. हवालदारानं डोकावून बघितलं. नवं होतं. प्रिंटर सुरू झाला.

देवराव समोरच बसला होता. एकेका कामगाराच्या नावाचं एकेक पान बाहेर येत होतं, त्यावर कुंडलीच्या चौकटी आणि खाली इंग्रजी अक्षरांत भविष्याची ओळ. त्यानं एकदा वाकून पाहिलं, मग तोंड फिरवून शिपायाला हाक मारली. "सुखराम, हवालदारानं काही तरी काढलं बावा. नावं हायेत त्याच्यावर, वाटून टाक."

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. त्या कारखान्यातले निम्मे लोक एक जुलैला जन्मले होते. खरे जन्मले होते कधी दिवाळीत, कधी धान कापणीला, कधी कोणाच्या म्हशीच्या वेताबरोबर. पण गावचा मास्तर नाव घालायला आलेल्या पोराच्या उंचीकडे बघे आणि एक जुलै लिहून मोकळा होई. शामसुंदरनं घाईत सालाचं गणित पुढे कधीतरी करू म्हणून सोडून दिलं होतं. त्यामुळे एक जुलैवाल्या सगळ्यांना एकच भविष्य आलं, आणि ते होतं 'पदोन्नतीचा योग'.

दुपारनंतर भट्टीवर कोणी नव्हतं. सगळे ओमप्रकाशजींच्या केबिनबाहेर उभे होते. पुढे चिंधू होता, साचे भरणारा जुना कामगार. कागद त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

"सायेब, कंपनीच्या मशीनीनं लिवून देलं. परमोशन हाय मनते."

"ये कुंडली है, चिंधू! कुंडली!"

"हाव जी. पर मशीन झूठ नाही बोलत, हे तुमीच सांगतलं होतं."

ओमप्रकाशजींनी शामसुंदरला बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर ऐकू आलं ते एवढंच की उद्यापर्यंत परमोशन गायब झालं नाही तर शामसुंदर गायब होईल.

शामसुंदर खोलीत आला तो थेट देवरावच्या अंगावर. "कावून चालवलं तुम्ही? कोणी सांगितलं होतं?"

"मी बोटबी नाही लावलं."

"मग काय भुतानं चालवलं?"

"तुमच्या हवालदारानं."

"हवालदाराला कळतं, देवराव. तो घरचं काम आणि कंपनीचं काम यात फरक करतो." हे बोलताना शामसुंदरला ते खरंच वाटत होतं. "उद्या मी पुन्हा बसतो. तुम्ही कशाला हात लावायचा नाही. कशालाच नाही!"

"मंजूर," देवराव म्हणाला. त्याला आयुष्यात इतकी सोपी जबाबदारी कोणी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शामसुंदरनं भविष्याच्या रांगेतून 'पदोन्नतीचा योग' हे वाक्य समूळ काढून टाकलं. प्रोग्राम फेकून देणं सोपं होतं, पण रविवार जवळ आला होता आणि नलूचा कागद छापायचा राहिला होता. त्यानं प्रोग्राम पुन्हा पक्का केला. तेवढ्यात केबिनमधून बोलावणं आलं. "हात नाही लावायचा!" असं दारातून पुन्हा बजावून, चपला घालून तो गेला.

हवालदारानं डोकावून बघितलं. नवं होतं.

प्रिंटर खडखडू लागला. देवरावनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. प्रिंटरचं बंद करायचं बटण त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं. पण ते बटणही 'कशालाच' मध्ये येत होतं. सुखराम येऊन गठ्ठा घेऊन गेला तेव्हाही देवराव तसाच बसला होता, फोटो काढायला बसल्यासारखा.

रांगेतलं एक वाक्य काढलं की त्याच्या खालची सगळी एकेक पायरी वर सरकतात, हे शामसुंदरच्या ध्यानात आलं नव्हतं. काल जिथं बढती होती तिथं आज पुढचं वाक्य येऊन बसलं. सगळ्या एक जुलैवाल्यांच्या हातात कागद पडला: 'यंदा विवाहयोग नाही.'

भट्टीवाले बढती विसरून हसून लोटपोट झाले, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांची लग्नं होऊन केस पांढरे झाले होते. हसला नाही तो एकटा हिरालाल. त्याच्याही गावचा मास्तर तसाच होता. त्यानं कागद खिशात लपवला, पण संध्याकाळी सदरा धुवायला टाकताना खिसा तपासायचा राहिला, आणि वसुंधराबाई खिसे तपासल्याशिवाय कपडा भिजवत नसत.

शनिवारी निरोप आला की रविवारी येऊ नका.

"आता?" कमलिनीनं विचारलं. "तुमच्या मशीनीनं पोरीचं लग्न मोडलं. नोकरी गेली असती त मी काही बोलली नसती."

"मी त्यांना समजावतो. गणिताची चूक आहे."

"कंप्युटर चुकते असं सांगता? मग नलूचा 'उत्तम विवाहयोग' कोण मानेल?"

नलू रडून रडून झाल्यावर आता फक्त विचार करत होती, आणि ते जास्त भीतीदायक दिसत होतं. तिनं एवढंच विचारलं, "दादा, हिरालालजींना आला तसाच कागद आणखी कोणाकोणाला आला?"

"अर्ध्या कारखान्याला. चिंधूलासुद्धा."

"चिंधूभाऊंना? अगबाई, त्यांना तर घरभर लेकरं आहेत," नलू म्हणाली आणि पुन्हा विचारात पडली.

बोलावणं नसतानाही रविवारी नलूचा छापून आणलेला 'उत्तम विवाहयोग' घेऊन शामसुंदर आणि कमलिनी सुपेल्याला वसुंधराबाईंकडे गेले. पाणी मिळालं, चहा मिळाला नाही. हिरालाल कोपऱ्यात चष्मा पुसत बसला होता. पुसून झाला की पुन्हा पुसत होता.

"मावशी, तसं काही नसतं," शामसुंदरनं नलूचा कागद पुढे करत सुरुवात केली.

"कसं नसते? एकाचा योग उत्तम, एकाचा योगच नाही. गाडीचं एक चाक हाय अन् एक नाही, अशी गाडी कोण जुंपते?"

इतक्यात बाहेर गलका झाला. एक बाई दारात उभी राहिली, पदर खोचलेला, मागं लहानमोठी पोरं आणि सगळ्यांच्या मागं, पोरांच्या आडोशानं, चिंधू. ती चिंधूची बायको गयाबाई होती.

"कंप्युटरचा सायेब कोनचा?"

शामसुंदर उठून उभा राहिला. काही माणसांपुढे आपोआप उठलं जातं.

"नेहरू नगरले तुमच्या घरी गेली होती. तुमच्या बहिनीनं इथलं बरोबर समजावून देलं, रिक्षात बसवून देलं. लय गुनाची पोर हाय." तिनं कागद पुढे केला. "शेजारच्या मास्तरनं वाचून सांगतलं. माया नवऱ्याले लगनाचा योग नाही म्हनते. मंग मी कोन? हे लेकरं कोनाचे?"

"यंदाचं लिहिलं आहे, गयाबाई," शामसुंदर चाचरत म्हणाला.

"यंदा मी कुठं चालली? हा काय दरसाली नवा नवरा करून देते का तुमची मशीन?"

पोरं हसली. मागून चिंधू म्हणाला, "मी सांगून राहिलो होतो इले, घरी चाल मनून."

"तुमी चूप बसा. तुमचं लगनच झालं नाही."

वसुंधराबाईंनी कागद घेतला, आतून हिरालालचा कागद आणला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. अक्षर न अक्षर सारखं होतं. त्यांनी गयाबाईकडे बघितलं, मग पोरांकडे. पोरं तोवर दिवाणावर चढून बसली होती.

"संसार कसा हाय वो तुमचा?"

"कसा म्हंजे? भांडतो, जेवतो. एक दिवस मले सोडून जेवला नाही हा मानूस."

चिंधू मान खाली घालून लाजला. वसुंधराबाई पुन्हा ते कागद वाचू लागल्या. कमलिनीनं हळूच नवऱ्याला कोपर मारलं, म्हणजे आता एक शब्द बोलू नका.

"अन् हा उत्तम योग, तो कोणाकोणाले आला?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"डिस्पॅचच्या देवाजीला आला," हिरालाल पहिल्यांदाच बोलला.

देवाजीची बायको माहेरी जाऊन बसली होती आणि तिला आणायला गेलेला देवाजी दारातून परत आला होता, हे सुपेल्यात भाजीवाल्यालाही माहीत होतं.

"असं हाय काय," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा कंप्युटरवरचा विश्वास तसूभर कमी झाला नव्हता. त्यांनी फक्त तो वाचायचा कसा हे आता शोधून काढलं होतं. "ज्याच्यात योग नाही लिहिला त्याचं घर भरलेलं. ज्याच्यात उत्तम, त्याचं रिकामं. मंग आमच्या हिरालालचा कागद पक्का हाय. मले आता तुमच्या नलूच्या कागदाचं भेव वाटून राहिलं."

"तो बदलता येईल!" शामसुंदरच्या तोंडून निघून गेलं. कमलिनीचं दुसरं कोपर आलं. "म्हणजे पुन्हा तपासून बघता येईल."

"तपासा. नीट तपासा. अन् आता चहा घ्या सगळे. गयाबाई, बसा न वो."

दुसऱ्या दिवशी शामसुंदरनं कारखान्यात गेल्या गेल्या हवालदाराला कायमचा झोपवला, नलूचं गणित एका पायरीनं खाली उतरवलं, आणि एकच पान स्वतः छापून शर्टाच्या आत घालून घरी आणलं. कमलिनी आणि नलू दारातच उभ्या होत्या. कमलिनीनं कागद उघडला, बोटानं एकेक अक्षर लावत शेवटची ओळ वाचली आणि डोळ्याला पदर लावला.

"नाही आहे गं नलू! योग अजिबात नाही! चल, देवापुढं साखर ठेव."