पाहुण्यांपुढे नुसतं पाणी

चैत्रालीने सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये नळाखाली तपकिरी बाटली भरली, ओट्यावर ठेवली आणि तिथेच घात झाला.

"हे काय गं?" शैलाताईंनी विचारलं. या तिच्या सासूबाई, पुण्याहून महिनाभरासाठी आलेल्या.

"पाणी, आई. आज लॅबमध्ये कंपनीच्या साहेबांपुढे ठेवायचंय."

"नुसतं पाणी?"

"हो हो, नुसतं पाणी!" म्हणत चैत्राली आंघोळीला पळाली.

आता बाईचं दुखणं असं, की तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. नवं मिळालं नाही तर सिंगापुरात राहायचा पास रद्द, आणि बांधा बोचकं. ते मिळणार की नाही हे होतं मिस्टर गोह यांच्या हातात, कारण लॅबला पैसा त्यांच्या कंपनीचा. हे गृहस्थ तारुण्य टिकवणारा रस विकायचे आणि आपला रस घरच्या पाण्यापेक्षा किती भारी, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. पाण्याशी कुस्ती! वा रे पैलवान!

लॅबमध्ये दोन नळ्यांत जांभळं द्रावण तयार होतं. "यात फ्री रॅडिकल्स आहेत," चैत्रालीने समजावलं. "शरीरात नासधूस करणारी गुंड मंडळी. त्यांना जो गप्प बसवेल, त्याच्या नळीत जांभळा रंग जाऊन पिवळा येईल. पाण्याने काही व्हायचं नाही."

तिने एका नळीत रस टाकला. जांभळा रंग जरासा फिकटला. गोहसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीत बाटलीतलं पाणी टाकलं, आणि जांभळा रंग बघता बघता गायब. नळी पिवळीधमक!

"टॅप वॉटर?" गोहसाहेब ओरडले. "कॅनॉट लाह! शक्यच नाही!"

"नळी घाणेरडी असेल," लॅबचे प्रमुख प्रोफेसर टिओ घाम पुसत म्हणाले. नवी नळी घेतली. तीही पिवळी. चैत्रालीला सासूबाईंचं सकाळचं 'नुसतं पाणी?' आठवलं. कोपऱ्यात जाऊन तिने घरी फोन लावला.

"आई, बाटलीला हात लावलात?"

"लावणारच! पाहुण्यांपुढे नुसतं पाणी ठेवतात का कुणी? चार लिंबं पिळली, फडक्याने गाळली. साखर नाही घातली हं, साहेब लोकांना डायबेटिस असतो."

द्रावणच बिघडलंय असं सांगता आलं असतं. पण चैत्रालीला खोटं बोलणं जमायचं नाही, हे तिचं दुसरं दुखणं. "सर, त्यात लिंबू आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "सासूबाईंनी पिळलं."

"आमच्या रसात अकरा फळं आहेत," गोहसाहेब पुटपुटले. "आणि एका लिंबाने..."

"चार," चैत्राली म्हणाली.

गोहसाहेबांनी दार लावून घेतलं. "ही गोष्ट बाहेर जाता कामा नये."

"छे, छे! आमची माणसं तोंडाची पक्की असतात," प्रोफेसर म्हणाले. मग त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "म्हणजे आमच्याकडे आहेत तोवर. हिचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. पुढे ही कुठे जाईल, कुणाशी काय बोलेल, मी कसं सांगणार?"

गोहसाहेबांनी पिवळ्या नळीकडे पाहिलं, मग चैत्रालीकडे. "किती वर्षांचं करायचं?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी शैलाताई दारातच उभ्या होत्या. "काय गं, आवडलं का साहेबांना?"

"इतकं आवडलं, आई," चैत्राली चपला काढत म्हणाली, "की दोन वर्षं कुणाला सांगू नका म्हणालेत."