शाय माणसांनी बांधलेले प्रसूतिगृह

सुसंस्कृत समाज न बोललेल्या वाक्यांवर उभा असतो, हे सर्वमान्य आहे (निदान याविरुद्ध अद्याप कोणी बोललेले नाही). गप्प बसणाऱ्याला पूर्वी वेगवेगळी नावे होती. तो शिपाई असला तर भित्रा, कारकून असला तर भिडस्त, आणि ती सून असली तर वळणाची. पुढे इंग्रजीतून ‘शाय’ हा शब्द आला आणि सर्वांचीच सोय झाली. पाहुणे दिसताच पलंगाखाली शिरणारे पोर शाय असते, नेलेली छत्री परत न करणारा शेजारी शाय असतो, आणि भांडी घासायच्या वेळी नाहीसे होणारे काकाही, काकूंच्या मते, मुळात शायच.

वास्तुरचनेच्या एका कार्यालयात नकाशे काढणारा आरेखक असाच शाय होता. एका दुमजली प्रसूतिगृहाचा नकाशा शाईने गिरवताना त्याच्या लक्षात आले, की यात जिनाच नाही. वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या खोल्या होत्या, न्हाणीघरे होती, कुंड्यांसाठी कठडाही होता. वर जाण्याची सोय तेवढी नव्हती. घरी जाऊन त्याने ते थोरल्या बहिणीला सांगितले; कारण त्या मजल्यावर मुख्य परिचारिका म्हणून तीच रुजू व्हायची होती.

“मग सांग ना साहेबांना!” ताई म्हणाली.

“जिना साहेबच विसरलेत गं. त्यांना वाईट वाटेल.”

“आणि कळा देणारी बाई मी काय दोरीनं वर ओढू?”

“कुणीतरी बोलेलच की.”

“तू का मिठाची गुळणी धरून बसलायस?”

“मी जरा शाय आहे, ताई.”

“शाय! माझ्या वाटणीचं दूध गटागटा प्यायचास, तेव्हा कुठे गेला होता तुझा शायपणा?”

त्या कार्यालयात मंजुरीची एक निर्दोष पद्धत होती. साहेब विचारीत, “कुणाला काही म्हणायचंय?” आणि आपल्या चहाच्या कपात पाहत. चहावर साय धरेपर्यंत कोणी बोलले नाही, की नकाशा एकमताने मंजूर होई.

त्या दिवशी अभियंता खिडकीबाहेर पाहू लागला. हिशेबनीस बाई चष्मा पुसू लागल्या. (जिना नाही, हे दोघांनाही स्पष्ट दिसत होते.) तेवढ्यात आरेखक उठला. सगळ्यांचे चेहरे आशेने उजळले.

“साहेब, वरच्या मजल्याला...”

साय धरू लागली होती.

“...पिवळा रंग शोभेल.”

टाळ्या पडल्या. इमारत उभी राहिली. गवंडी बांबूच्या परांचीवरून चढले-उतरले आणि शेवटच्या दिवशी परांची सोडवून निमूट घरी गेले. खाटा क्रेनने वर गेल्या. जाणकारांच्या अंदाजानुसार शंभरातल्या शंभर जणांना उणीव ठाऊक होती, आणि बाकीचे नव्व्याण्णव बोलतील अशी प्रत्येकाची खात्री होती.

उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, तळमजल्याला गंभीरपणे दोन प्रदक्षिणा घातल्या आणि अखेर अंगणात येऊन मान वर केली. “वरूनही छानच दिसत असणार,” ते म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या.

“अहो, पण जिना कुठाय?” गर्दीतून ताईचा आवाज आला.

सारा जमाव शरमला. ताईमुळे.

“काय आगाऊ बाई आहे!” कोणीतरी पुटपुटले.

साहेबांनी सावकाश आरेखकाकडे मान वळवली. “या तुमच्या कोणी लागतात का हो?”

आरेखकाने ताईकडे पाहिले. ताई त्याच्याचकडे पाहत होती.

“नाही साहेब,” तो म्हणाला, “मी आजच पाहतोय यांना.”

जिना यथावकाश बांधण्यात आला. ताई मात्र त्या दिवसापासून भावाशी एक अक्षर बोललेली नाही. कोणी विचारलेच तर तो सांगतो, की ताई अलीकडे जरा शाय झाली आहे.

वाचकांच्या मनात या घटकेला त्याच्याविषयी ‘भित्रा’ हा शब्द आला असेल. शब्द अचूक आहे. दुसऱ्याकरिता तोच वापरतात.