मुख्य प्रवाहातली सांबरीण

एका जंगलात, मुलांनो, समता यायची राहून गेली होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका. तिथले अधिकारी अजून नोकरीत आहेत.

तसं त्या जंगलात बाकी सगळं होतं. सिंहमहाराज होते, दरबार होता, खाती होती आणि खात्याखात्यांची भांडणं होती. समता नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण महाराज एकदा शेजारच्या जंगलात परिषदेला गेले. तिथे जो तो राजा आपल्याकडे किती समता आहे ते रंगवून सांगत होता. आपले महाराज नुसतीच मान हलवत बसले. परत आले ते घुश्श्यातच.

"आपल्याकडे समता का नाही?" त्यांनी दरबारात विचारलं.

प्रत्येकाला वाटलं, ते दुसऱ्याचं खातं आहे.

"पावसाळ्याच्या आत हवी," महाराज म्हणाले. "प्रत्येक खात्यात हवी. माद्यांना मुख्य प्रवाहात आणा. कोण करतंय हे काम?"

सगळ्यांनी धनेशाकडे पाहिलं.

धनेश दरबाराचा सचिव होता. त्याची चोच एवढी मोठी होती की तो काहीही बोलला तरी वजनदार वाटायचं. शिवाय तो पुरोगामी होता. हे त्याचं स्वतःचंच मत होतं, पण ठाम होतं. "आमच्या घरात सगळं बायकोच्या मताने चालतं," असं तो चारचौघांत सांगायचा. आता धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. धनेशीण अंडी उबवायला बसली की ढोलीचं तोंड मातीने लिंपून बंद होतं. चोच जाईल एवढी फट उरते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आत आणि तो बाहेर. त्या ढोलीत तिच्या मताने काय काय चालायचं, हे धनेशाने कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

धनेशाने समिती नेमली. गवा होता, त्याच्याकडे पाणी खातं होतं. वानर होता, त्याच्याकडे माहिती खातं होतं. स्वतः धनेश अध्यक्ष. पहिली बैठक छान झाली. उठता उठता वानर म्हणाला, "साहेब, यात एखादी मादी असायला हवी होती का हो?"

तिघेही दचकले. मग नदीकाठची तुळसा सांबरीण आठवली. तिचा स्वभाव गरीब आहे असं गव्याने ऐकलं होतं. तिला बोलावणं गेलं.

तुळसा पाडसाला घेऊनच आली. त्याला ठेवणार कुठे?

"बोला, बाई," धनेश म्हणाला. "अगदी मोकळेपणाने बोला."

"पाणवठ्याच्या वेळा बदला, साहेब," तुळसा म्हणाली. "सकाळी गारव्याला सगळे नर पाणी पितात. मानाप्रमाणे एकेक जण येतो, एकेकाचं निवांत चालतं. आम्ही लेकुरवाळ्या जातो भर दुपारी. त्याच वेळी मगर काठाला येऊन पडते. गेल्या उन्हाळ्यात माझं मोठं पाडस तिने नेलं. आम्हाला सकाळी जाऊ द्या, नाहीतर दुपारी पहारा बसवा. एवढंच."

पाडस आईच्या पायाला अंग घासत होतं.

"हा पाण्याचा विषय झाला," गवा म्हणाला.

"मग पाणी खातं तुमचंच ना?"

"माझंच आहे. पण आत्ता मी समतेसाठी बसलोय."

वानराने टाळ्या वाजवल्या. "बाई फार मनापासून बोलल्या. महाराजांचं स्वागत यांच्याच हस्ते करू या."

धनेशाला आत कुठेतरी टोचलं. चोच उघडावी असं वाटलं. त्याने ती उघडलीही, आणि म्हणाला, "नोंद घेतली आहे."

मुलांनो, मोठे लोक असं म्हणाले की समजायचं, बैठक संपली.

मग काम झपाट्याने झालं. हुकमात जिथे जिथे 'प्राणी' होतं तिथे 'प्राणी व प्राणिनी' करण्यात आलं. झाडाझाडांवर समतेच्या पाट्या लागल्या. वानराने समतेचं गाणं रचलं आणि वानरांनीच ते म्हटलं. तरी महाराज खूश होईनात. "डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करा," ते म्हणाले.

वानराला एकदम सुचलं. "आपण माद्यांना मुख्य प्रवाहात आणणार म्हणतोय ना? नदी आहे. तिला प्रवाह आहे. आणू या की! माद्या प्रवाहात उभ्या, महाराज काठावरच्या खडकावर भाषणाला. वेळ दुपारची ठेवू. नाहीतरी ती त्यांचीच वेळ आहे."

धनेशाने संध्याकाळी बायकोला उंबराची फळं भरवता भरवता सोहळ्याचा बेत सांगितला.

"अहो, पण त्या पाण्यात मगर असते ना?" फटीतून आवाज आला.

"सोहळा सरकारी आहे," धनेश म्हणाला. "मगरीलाही कळत असेलच."

सोहळ्याच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. हरिणी, भेकरी, नीलगायी गुडघाभर पाण्यात ओळीने उभ्या केल्या होत्या. तुळसा यायला तयार नव्हती. "समितीची सभासद नाही आली तर कसं दिसेल?" असं धनेशानेच तिला समजावलं. पाडसाला पोटाशी धरून ती अगदी काठालगत उभी राहिली. वानराने तिला मानेला धरून चांगलं पुढे आणलं.

महाराजांचं भाषण सुरू झालं. धनेश वरच्या फांदीवर बसला होता. तिथून त्याला सगळं दिसत होतं. पाण्यातलं एक लाकूड प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत होतं, तेही दिसलं.

ओरडायला हवं. पण महाराज तेव्हा म्हणत होते, "माद्यांची सुरक्षा हे आमचं पहिलं..." मध्येच ओरडायचं? वाक्य पुरं होऊ द्यावं, टाळ्या पडाव्यात, मग हळूच सांगावं, असं त्याने ठरवलं. महाराजांचं वाक्य लांब होतं.

लाकडाने जबडा उघडला.

तुळसाने पाडसाला डोक्याने अशी धडक दिली की ते थेट काठावर जाऊन पडलं. जबडा मिटला तो तिच्या मागच्या पायावर. तिने फोडलेला टाहो ऐकून सगळ्या माद्या पाण्यातून उसळल्या. काही मगरीला तुडवत गेल्या, काही महाराजांच्या खडकावरून गेल्या. मगरीची पकड सुटली. महाराज चिखलात पडले. तुळसा तीन पायांवर झाडीत शिरली आणि मागे रक्ताचे ठिपके राहिले.

घरी गेल्यावर धनेशाने सगळं सांगितलं. लाकडाचंही सांगितलं. का सांगितलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तुम्हाला आधीच दिसलं होतं?" बायकोने विचारलं.

"हो."

"मग ओरडला का नाहीत?"

धनेशाची चोच जंगलात सगळ्यांत मोठी होती. त्या दिवशी तिच्यातून काहीच निघालं नाही. बायकोने त्या रात्रीपुरती फळं घ्यायची नाकारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नर पाणवठ्यावर आले, तर तिथे माद्या आधीच येऊन उभ्या. सगळ्या पोराबाळांसकट. हटा म्हणायची कुणाची छाती होईना. आदल्या दिवशी महाराजांना चिखलात पाडून गेलेला तो कळप होता. तिसऱ्या दिवशीही तेच. निमूटपणे नर दुपारी जाऊ लागले.

थोड्याच दिवसांत वानर पाणी प्यायला वाकला आणि मगरीने त्याची अर्धी शेपूट नेली.

जंगल हादरलं! तातडीची बैठक बसली. महाराज स्वतः आले. "ही मगर आहे तरी कधीपासून?" त्यांनी गरजून विचारलं. "आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?" गवा म्हणाला, याहून गंभीर प्रश्न पाणी खात्यासमोर कधी आला नव्हता. त्याच दुपारी पाणवठ्यावर हत्तींचा पहारा बसला. संध्याकाळपर्यंत मगर खालच्या डोहात हाकलली गेली. माद्याही आता हव्या त्या वेळी पाणी पिऊ लागल्या.

तुळसाने हेच मागितलं होतं, हे बैठकीत एकट्या धनेशाला आठवलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळे फार मनापासून बोलत होते. तो गप्प बसला.

पावसाळ्याच्या आधी दरबार भरला. समता आली, असं महाराजांनी जाहीर केलं. वानराला शौर्याबद्दल शाल मिळाली. धनेशाला दूरदृष्टीबद्दल झेंडूचा भलामोठा हार मिळाला. हारात त्याची मान चोचीसकट झाकली गेली.

हार घेऊन तो घरी जाईना. उडत उडत नदीकाठच्या झाडीत गेला. तुळसा एका करवंदीच्या जाळीआड उभी होती. मागचा पाय अजून जमिनीला टेकत नव्हता. पाडस जवळच बागडत होतं.

धनेशाने हार तिच्या पुढ्यात ठेवला. "खरं म्हणजे हा मान तुमचा आहे," तो म्हणाला.

"हे तुम्ही दरबारात बोललात?" तुळसाने विचारलं.

"नाही."

"बरं."

तिने हाराचा वास घेतला. फुलं ताजी होती. तिने पाडसाला हाक मारली आणि दोघांनी मिळून हार खाऊन टाकला. दोरा तेवढा उरला. तो धनेशाने उचलला, कारण नुसतं बसून राहणं बरं दिसत नव्हतं.

तात्पर्य: माद्यांचं म्हणणं ऐकून घ्यायची कधीही घाई करू नये. थोडा धीर धरावा. एखाद्या नराची शेपूट तुटली की त्याच म्हणण्याचं आपोआप धोरण होतं, आणि धोरणाला अध्यक्ष लागतोच.