चवीपुरती तक्रार

“काही काळजी करू नका! पाहुणे येतील, चहा घेतील, ‘वा वा’ म्हणतील आणि विमानात बसतील!” समन्वयकसाहेबांनी संचालकांना छातीठोकपणे सांगितलं.

कमी पाण्यावर येणारी पिकं शोधणारं ते आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र. दर काही वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येऊन त्याची झाडाझडती घ्यायची. समितीचं मत बरं पडलं तर केंद्र चालू, नाहीतर दाराला टाळं! या खेपेला सगळा डोलारा समन्वयकसाहेबांच्या खांद्यावर होता. त्यांना पाठीमागे सगळे ‘भिंगरी’ म्हणत. हा माणूस एका जागी उभा राहिलेला कुणी पाहिलाच नव्हता. फोनवर बोलता बोलता जिना चढायचे, आणि फोन संपला की आपण वर कशाला आलो हे विचारायला खाली यायचे!

समिती एकेका कर्मचाऱ्याशी बंद दाराआड ‘मोकळेपणी’ बोलणार होती. तो एक शब्द भिंगरीला खुपत होता. म्हणून त्यांनी सगळ्यांकडून एकच वाक्य घोटून घेतलं. “आमची काहीच तक्रार नाही, आम्ही एका कुटुंबासारखे राहतो!”

पहिल्या दिवशी संध्याकाळी समितीच्या अध्यक्षबाई बाहेर आल्या. उंच, शांत, आणि चष्म्यावरून बघायची वाईट खोड.

“समन्वयक, इथे लोक घाबरून राहतात का हो?”

“छे छे! आम्ही एका कुटुंबासा...”

“तेच! सकाळपासून तेच ऐकतेय. चालकाला मी विचारलं, म्हणजे कसं कुटुंब? तर तो म्हणाला, तेवढं साहेबांनी सांगितलं नाही!”

संचालकांनी भिंगरीला खोलीत ओढलं. “अहवालात ‘भीतीचं वातावरण’ असं आलं तर संपलो आपण! काहीतरी करा!”

भिंगरी निघाले. प्रयोगशाळा, गोदाम, गॅरेज, सगळीकडे वाऱ्यासारखे फिरले. “उद्या तक्रारी करा!”

“कसल्या, साहेब?” काचघर सांभाळणाऱ्याने घाबरून विचारलं.

“कसल्याही! पण चवीपुरत्या! मीठ घालतो तेवढ्याच!”

लोकांनी मीठ नाही, पोतं ओतलं! काचघरवाल्याने गळक्या छपराची तक्रार केली, तिथून तो पंपावर घसरला, आणि पंपावरून थेट संचालकसाहेबांच्या कुत्र्यावर. गव्हाच्या आणि कडधान्यांच्या विभागात एका ट्रॅक्टरवरून अबोला होता, तो तिथे समितीसमोर सुटला आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं. ज्यांना बोलावलंच नव्हतं तेही दाराशी रांग लावून उभे राहिले. “आमचाही नंबर लावा की!”

आणि त्या रांगेत पुढून दुसरी होती भिंगरीची बायको! ती बियाणं तपासणीची प्रमुख. सकाळी चहा घेताना भिंगरीने सहज विचारल्यासारखं करून विचारलं होतं, “तू आत काय बोलणार गं?”

“बघते,” ती म्हणाली होती.

बघते! लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कळतो.

ती आत गेली. दार लागलं. बराच वेळ झाला. एवढ्या वेळात इतर दोघं-तिघं आत जाऊन बाहेर आले असते, तरी दार उघडेना. मग आतून हसण्याचा आवाज आला. मग अध्यक्षबाईंचा आवाज, “अरे देवा! आणि तुम्ही सहन केलंत?”

भिंगरीच्या पायांत वीज शिरली. दाराला कान लावावा तर रांगेतले सगळे बघतायत! ते धावत इमारतीला वळसा घालून मागे गेले. खिडकी अर्धी उघडी होती, पण कान पोचत नव्हता. मग सुरू झाली त्यांची येरझार. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात मागे, डोळे खिडकीवर. अधूनमधून उडी मारायची, “...रात्रभर घोरतो...” एवढं ऐकू यायचं, आणि पुन्हा येरझार, पहिल्यापेक्षा जोरात!

“साहेब!!!” कडधान्यवाल्या शास्त्रज्ञांची किंकाळी आली.

भिंगरीने खाली पाहिलं. पाण्याविना तग धरणाऱ्या नव्या वाणाची कोवळी रोपं! उद्या समितीला मोठ्या थाटात दाखवायचा तो खास वाफा! त्यातून एक गुळगुळीत पाऊलवाट तयार झाली होती. दुष्काळाला पुरून उरलेली रोपं भिंगरीच्या बुटांपुढे हरली होती!

खिडकी पूर्ण उघडली. एका बाजूला अध्यक्षबाई, दुसऱ्या बाजूला बायको.

“ही कुठली चाचणी?” अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“तुडवण... तुडवणसहनशीलता,” भिंगरी पुटपुटले. शास्त्रज्ञ मटकन खाली बसले.

महिन्याभराने अहवाल आला. संचालकांनी तो भर बैठकीत वाचला. विज्ञान उत्तम, कर्मचारी निर्भीड, केंद्र जरूर चालू ठेवावं! टाळ्या झाल्या. मग संचालक घसा खाकरून पुढचं वाचू लागले. “मात्र प्रयोगाच्या वाफ्यांना कुंपण घालावं. त्याची उंची समन्वयकांना ओलांडता येणार नाही एवढी असावी.”

घरी आल्यावर भिंगरी खुर्चीच्या काठावर टेकले, उठले, पुन्हा टेकले. “खरं सांग. त्या दिवशी आत माझ्याबद्दल काय काय सांगितलंस?”

“तुमच्याबद्दल?” बायकोने भाजी निवडता निवडता वर पाहिलं. “काहीच नाही हो. अंकुरण पेटीचं तापमान टिकत नाही एवढी तक्रार केली. मग बाईंनी त्यांच्या विहिणीचा विषय काढला. मीही आपल्या विहिणीचं सांगितलं.”

“आणि तो रात्रभर घोरणारा?”

“त्यांच्या विहिणीचा बोका!”

“म्हणजे माझं नावच निघालं नाही?”

“एकदाही नाही.”

भिंगरीने सुटकेचा श्वास घेतला. घरभर एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या फेरीत बायकोसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“अगं, पण मी समन्वयक आहे! एवढा वेळ आत बसलीस, निदान एक तरी तक्रार करायची होतीस!”