शेवटच्या लॉरीचं वऱ्हाड

कोणतीही वस्तू पूर्ण होणं हा ती बनवणाऱ्याच्या पोटावर येणारा धोका असतो. पूल पुरा झाला की गवंड्याला घरचा रस्ता धरावा लागतो, पोथी संपली की भटजींना पाटावरून उठावं लागतं. म्हणून शहाणी माणसं काम सावकाश संपवतात. त्याहून शहाणी माणसं ते संपूच देत नाहीत. या दुसऱ्या प्रकारची चौतीस माणसं १९४६ साली खालापूर तालुक्यात एकाच पत्र्याच्या छपराखाली सापडत असत. एवढं शहाणपण एका जागी गोळा करण्याचं श्रेय सरकारला दिलंच पाहिजे.

हे छप्पर लष्करी मोटारजुळणी कारखान्याचं होतं. बंदरावर बाँब पडतील या भीतीने युद्धात तो डोंगराआड आणून ठेवला होता. लॉऱ्यांचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून परदेशाहून येत. बंदरापासून कर्जत स्टेशनापर्यंत रेल्वेने आणि तिथून कारखान्यापर्यंत बैलगाडीने. (बैलांवाचून मोटारी झाल्या नसत्या, ही गोष्ट युद्धाच्या इतिहासात अजून आलेली नाही.) कामाची वाटणी अगदी शास्त्रशुद्ध होती. सहदेव डाव्या पुढच्या चाकावर होता. उजव्या पुढच्या चाकाचा माणूस त्याच्यापासून चार हातांवर उभा असे, पण एकमेकांच्या चाकाला बोट लावायची दोघांनाही मनाई होती. चौतिसांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती. तो विषय त्यांच्या विभागात येत नव्हता.

युद्ध संपलं तेव्हा सगळ्या जगाने पेढे वाटले. कारखान्यात मात्र त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. पाठोपाठ हुकूम आला : शिल्लक खोक्यांतली शेवटची लॉरी पूर्ण होताच कारखाना बंद करावा. हुकूम काढणाऱ्याला व्याख्यांची आवड असावी, कारण त्याने खाली खुलासाही जोडला होता : ‘स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर पडलेली गाडी, ती पूर्ण झालेली गाडी.’

कारखान्याचे अधीक्षक टिपणीस यांनी हा हुकूम सर्वांना वाचून दाखवला आणि चष्मा पुसला. ते पेणचे, कायद्यात शिकलेले गृहस्थ होते. लॉरी आणि बस यांतला फरक त्यांना खालून पाहिल्यावरही कळत नसे. ते म्हणाले, “शेवटची गाडी ही सरकारची शेवटची आठवण. तिच्यात दोष राहता कामा नये. जोडून झाली की तपासणीसाठी सोडवा. सोडवून झाली की जोडा.”

तेव्हापासून एक पाळी लॉरी जोडू लागली आणि दुसरी सोडवू लागली. यात शिस्त इतकी वाढली की वरच्या कचेरीने खास कौतुक केलं. युद्धाच्या काळात हजेरीचं प्रमाण शेकडा एकाहत्तर होतं, ते आता शेकडा शंभरावर गेलं. अपघात थांबले. एकच लॉरी सहा महिन्यांत एकोणीस वेळा तयार झाली, आणि विसाव्या वेळी तर जोडणारे व सोडवणारे यांच्यात कुणाचं काम अधिक सफाईचं यावरून मारामारी झाली. (जिंकले सोडवणारे. पान्हे त्यांच्याकडे होते.)

असं सगळं सुरळीत चाललं असताना सहदेवाचं लग्न ठरलं.

मुलगी भिसेगावची, सुंदरा नावाची. सहदेवाने तिला दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा ती त्याला हसली होती. त्याच्या मते ही गोष्ट चांगली होती. तिचा बाप येसाजी हा चांगली भातशेती असलेला माणूस. त्याने मुलगी दिली ती सहदेवाकडे बघून नव्हे, कारखान्याकडे बघून.

“शेतीवाला जावई मला गावात पन्नास मिळतील,” येसाजीने बैठकीतच सांगितलं होतं. “मी पोरगी नोकरीला दिलीय. नोकरी गेली का सोयरीक गेली. आगुदरच सांगून ठेवतो, मागून कुरकुर नको.”

सहदेवाने मान डोलावली. कारखाना बंद होण्याची त्याला चिंता नव्हती. लॉरी त्या दिवशी एकविसाव्यांदा सुटत होती.

घोटाळा झाला तो वैशाखात, हळदीच्या दोन दिवस आधी. येसाजीचा निरोप आला : आपला जावई मोटारी बनवतो असं त्याने शेलूपासून कर्जतपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना सांगितलं आहे, तेव्हा वऱ्हाड मोटारीतूनच आलं पाहिजे. मोटार बनवणारा नवरदेव बैलगाडीतून उतरला, तर लोक तोंडात शेण घालतील. तसा आला तर गावाच्या वेशीवरूनच परत जावं.

सहदेवाने हा निरोप ऐकला आणि चाकाला टेकून खाली बसला. विचार करण्याची त्याची पद्धत नट आवळण्यासारखी होती, एका दिशेने आणि दम लागेपर्यंत. मोटारीतून गेलो नाही, तर सोयरीक मोडते. मोटार फाटकाबाहेर काढली, तर ती पूर्ण होते. मोटार पूर्ण झाली, तर कारखाना बंद होतो. कारखाना बंद झाला, तर नोकरी जाते. नोकरी गेली, तर सोयरीक मोडते. कुठूनही निघालं तरी तो सुंदराच्या दारातून परतच येत होता.

मार्ग काढला तो आबाजीने. आबाजी हा कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. पाठीमागच्या फळ्या बसवण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि घरी बैलांच्या दोन जोड्या.

“काय रं, रडतोस काय असा?” तो म्हणाला. “कागदात काय लिवलंय? सोताच्या बळावर. मग बैलाच्या बळावर नेली तर?”

टिपणिसांनी हुकूम पुन्हा वाचला, उजेडाकडे धरून वाचला, आणि बैलांविषयी त्यात चकार शब्द नसल्याचं जाहीर केलं. शंका नको म्हणून इंजिन खोक्यातच ठेवायचं ठरलं. आता या भागात लावणीला सावड करतात. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. त्याच हिशेबाने एका दुपारात बैलांच्या सहा जोड्या जमल्या. ज्यांच्याकडे बैल नव्हते त्यांनी दोर दिले.

अशा रीतीने वऱ्हाड निघालं. पुढे वाजंत्री, मागे शिंगांना बेगड लावलेले बारा बैल, त्यामागे लष्करी लॉरी आणि तिच्यात अठ्ठावीस वऱ्हाडी. सहदेव मुंडावळ्या बांधून सुकाणूचं चाक धरून बसला होता. शेजारी टिपणीस होते. ते पाहुणे म्हणून नव्हे, तर गाडी स्वतःच्या बळावर जात नाही याचे सरकारी साक्षीदार म्हणून आले होते. (जेवण मात्र ते पाहुणे म्हणून जेवणार होते.) वाटेत लोक उभे राहून बघत. एक म्हातारी म्हणाली, “बया, मोटार म्हंतात ती हीच व्हय? आमच्या गाडीला दोन बैल लागतात, हिला बारा. महागाईच की गं.”

भिसेगावच्या अलीकडे एक खिंड आहे. तिथे चढ संपतो आणि थेट गावाच्या शिवारापर्यंत उतार लागतो. उतारावर बैलांच्या अंगावर गाडी जाऊ नये म्हणून त्यांना सोडून मागे बांधायचं ठरलं, आणि तोवर पुढच्या डाव्या चाकाखाली एक चांगला दगड लावला. इथवर जे झालं त्याला कोणताही अभियंता नावं ठेवणार नाही.

पण खिंडीत देवाचं ठाणं आहे, आणि नवरदेव पहिल्यांदा खिंड ओलांडतो तेव्हा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून नारळ फोडावा लागतो. नारळ होता. फोडायला दगड नव्हता. वैशाखात सगळे सुटे दगड लोकांनी बांधांना नेलेले असतात. आबाजीने इकडेतिकडे पाहिलं. त्याला एक चांगला दगड दिसला.

प्रवास सुखरूप व्हावा म्हणून त्याने तो काढला.

लॉरी आधी विचारात पडल्यासारखी जरा हलली आणि मग निघाली. सहदेवाने पायाखालचं सगळं दाबून पाहिलं. पण ब्रेक ही सोडवणाऱ्या पाळीची वस्तू होती आणि त्या दिवशी त्यांची पाळी होती. बैल खिंडीतच उभे राहून लॉरीकडे बघत राहिले. वाजंत्री वाजवतच रस्त्याच्या कडेला उड्या टाकत होते.

“सहदेव, थांबव!” टिपणीस ओरडले. “ही स्वतःच्या बळावर चालली आहे!”

“न्हाय साहेब, इंजिन खोक्यात हाय!”

“मग कुणाच्या बळावर चालली आहे?”

खरं सांगायचं तर पुढे चार वर्षं जो प्रश्न गाजला, तो इथे प्रथम विचारला गेला. सहदेवाला दूरवर मांडव दिसत होता, तो भराभर मोठा होत होता. त्याने सुकाणू एका बाजूला फिरवलं. लॉरी रस्ता सोडून शेतात उतरली आणि येसाजीच्या राबात, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी पसरलेल्या पालापाचोळ्याच्या आणि शेणाच्या थरात, अलगद रुतून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मुहूर्ताला अजून अवकाश होता.

मांडवातून सगळं गाव धावत आलं. बैल दृष्टीला पडत नव्हते. बैलांवाचून, आवाजावाचून, धुरावाचून वाऱ्यासारखी आलेली मोटार गावाने कधी पाहिली नव्हती. येसाजीची छाती फुगली. हळदीच्या अंगाने सुंदराही बायकांतून पुढे आली. तिने आधी राबात रुतलेली चाकं पाहिली, मग घामाने भिजलेला नवरा पाहिला.

“येक विचारू का?” ती हळूच म्हणाली. “गाडी तुमी थांबवलीत, का तिची तीच थांबली?”

“हे बघ,” सहदेव म्हणाला, “डावं पुढचं चाक माझं. तेवढं मी थांबवलं.”

ती हसली. ही तिसरी वेळ.

लग्न लागलं. पंगतीत मात्र येसाजीच्या कानावर खरी हकिगत गेली आणि तो हातातला द्रोण घेऊनच टिपणिसांपुढे उभा राहिला.

“साहेब, मोटार फाटकाबाहेर आली म्हंजे कारखाना बंद. मग नोकरी हाय का नाय? पोरगीला अजून उंबऱ्याबाहेर काढली नाय मी. सरळ बोला.”



“फाटकाबाहेर बैलांनी आणली,” टिपणीस म्हणाले. “उतारावर मात्र ती आपली आपण गेली. तेव्हा ती पूर्ण झाली की नाही, हे मला ठरवता येत नाही. वर विचारावं लागेल. निकाल लागेपर्यंत कारखाना चालू राहील.”

“निकाल कवा लागंल?”

“समिती नेमावी लागेल.”

येसाजीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “माझ्या बांधाचा दावा,” तो म्हणाला, “आज्याच्या वेळेपासून खालापूरच्या कचेरीत हाय. आज्या गेला, बाप गेला, दावा हाय. निकाल लागायचाय म्हंजे पक्की नोकरी! वाढा रं जावयाला, बघता काय!”

समिती नेमली गेली. तिने प्रश्नाचा खोलवर विचार केला. गाडी वजनामुळे उतरली, वजन गाडीचं, म्हणून बळ गाडीचं, असं लष्कराचं म्हणणं पडलं. उतार आमचा आहे आणि आमच्या उताराचं बळ दुसऱ्या खात्याने घेऊ नये, असं रस्ते खात्याने कळवलं. अठ्ठावीस वऱ्हाड्यांचं वजनही गाडीत होतं, म्हणून त्या सर्वांना भाताच्या काट्यावर तोलण्यात आलं. (आबाजीला दोनदा तोललं, जेवणाआधी आणि जेवणानंतर. त्याने हा प्रयोग दररोज व्हावा असा अर्ज केला.) मधल्या काळात फाटकावरचा झेंडा बदलला. नव्या सरकारने जुन्या समितीच्या जागी नवी समिती नेमली, आणि तिने सुरुवातीपासून सुरुवात केली. लॉरी पुन्हा बैलांनी ओढून आणली आहे. ती जोडली जाते, सोडवली जाते. सहदेव अजून डाव्या पुढच्या चाकावर आहे. त्याचा मुलगा आता चालायला लागला आहे. घरात तोल सांभाळत येतो, अंगणाच्या उतारावर धावतो, आणि आपण धावलो म्हणून टाळ्या वाजवतो.

सध्या समितीने जनतेचं मत मागवलं आहे. प्रत्येक साक्षर नागरिकाला एकच प्रश्न आहे : ‘आपण आज जिथे आहात, तिथे स्वतःच्या बळावर पोचलात की उतार होता?’ आतापर्यंत आलेल्या झाडून सगळ्या उत्तरांत ‘स्वतःच्या बळावर’ असं लिहिलेलं आहे. आपल्या चाकाखालचा दगड कुणी काढला, याचा उल्लेख एकानेही केलेला नाही.

वाचकांचं उत्तर काय असेल हे समितीला ठाऊक असल्यामुळे त्यांनी ते पाठवण्याची तसदी घेऊ नये. आपल्या गाडीला ब्रेक आहे की नाही, तेवढं मात्र पुढचा मांडव येण्यापूर्वी पाहून ठेवावं.